मुद्दलापुढे व्याज जाऊ नये

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वसईच्या अलीकडे चिंचोटी लागते. इथूनच भिवंडीचा रस्ता फुटतो. या नाक्यावर घटकाभर उभं राहिलं आणि डोळ्यांसमोरून जाणारी अक्षरं नुसती वाचत गेलं, तरी एक गंमत लक्षात येते. रस्त्याकडेच्या पाटीवर वेगाचा आकडा असतो. त्याच्यापुढे जायचं नाही. मालट्रकवर भाराचा आकडा असतो. त्याहून जास्त माल भरायचा नाही. रिक्षात तीनच माणसं बसवायची. गाडी चालवायची तर वय अठरापेक्षा कमी असून चालत नाही. यातली एकही सूचना ‘अमुक म्हणजे बरोबर अमुक’ असं म्हणत नाही. प्रत्येक सूचना म्हणते, ‘इतक्यापेक्षा जास्त नको’ किंवा ‘इतक्यापेक्षा कमी नको’.

आपलं जगणं बहुतांशी याच भाषेत चाललेलं असतं. पगार पुरला पाहिजे, म्हणजे खर्च पगारापेक्षा कमी हवा. पास व्हायचं तर निदान पस्तीस गुण हवेत. शाळेत मात्र बीजगणिताशी आपली ओळख होते ती ‘बरोबर’च्या चिन्हापासून. क्ष अधिक पाच बरोबर बारा, तर क्ष किती? सात. उत्तर एक, त्याखाली दोन रेघा, प्रश्न संपला. पण ‘क्ष अधिक पाच हे बारापेक्षा कमी आहे’ असं म्हटलं की चित्र बदलतं. क्ष सहा असेल, दोन असेल, साडेचार असेल. सातपेक्षा लहान असली म्हणजे झालं. उत्तर म्हणून एक संख्या मिळत नाही, एक सबंध मुलूख मिळतो. बीजगणितात याला असमानता म्हणतात.

मुलं इथे दोन जागी अडखळतात. एक तर उत्तर एक नसतं, याची सवय व्हायला वेळ लागतो. आणि दुसरं म्हणजे तो नियम : दोन्ही बाजूंना ऋण संख्येनं गुणलं किंवा भागलं, की चिन्हाचं तोंड फिरतं. ‘पेक्षा लहान’चं ‘पेक्षा मोठं’ होतं. नियम पाठ होतो, पण तो का, ते विसरलं जातं. मी काही गणिताचा माणूस नव्हे. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण त्या नियमातला ‘ऋण’ हा शब्द मला थांबवतो. गणितातलं वजा आणि सावकाराचं देणं, दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो. देणाऱ्याला धनको म्हणतो आणि घेणाऱ्याला ऋणको. आपल्याकडच्या कमी-जास्तीच्या गणिताचा इतिहास या एका शब्दाचं बोट धरून पाहता येतो.

सुरुवात दामदुपटीपासून करू. आज हा शब्द वर्तमानपत्रात दिसतो तो बहुधा फसव्या योजनांच्या बातम्यांत : दामदुपटीचं आमिष दाखवून लोकांना लुबाडलं, वगैरे. मूळचा अर्थ याच्या अगदी उलटा होता. दामदुपट हे आमिष नव्हतं, तो लगाम होता आणि तो सावकाराच्या तोंडात होता. एका वेळी वसूल करायचं थकलेलं व्याज मुद्दलाच्या पुढे जाऊ नये. म्हणजे मुद्दल आणि व्याज मिळून रक्कम दुपटीहून अधिक होऊ नये, असा तो नियम. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तो आहे, मराठेशाहीत तो रूढीनं पाळला जाई, आणि पुढे इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही तो मानला.

आता हा नियम बीजगणितात मांडून पाहा. समजा, मुद्दल १०० रुपये आहे आणि व्याज दरमहा शेकडा २. क्ष महिन्यांचं व्याज झालं २क्ष. नियम सांगतो, २क्ष हे १०० पेक्षा जास्त नको. दोन्ही बाजूंना २ नं भागलं की क्ष हा ५० पेक्षा जास्त नको. म्हणजे चार वर्षं दोन महिने झाले, की व्याजाचं चाक थांबलं. त्यानंतर सावकार दहा वर्षं गप्प बसला आणि अकराव्या वर्षी दारात आला, तरी मागणं दोनशेच्या वर जाऊ शकत नाही. शाळेतल्या असमानतेचं याहून सोपं आणि याहून जिवाभावाचं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

हे झालं धर्मशास्त्र आणि रूढी. पण ऋणाला संख्या मानून त्याचं गणित मांडायचं काम आपल्याकडच्या गणितज्ञांनी फार लवकर केलं. सातव्या शतकात, इसवी सन ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्तानं धन आणि ऋण यांच्या बेरीज, वजाबाकी, गुणाकाराचे नियम दिले. त्यानंतर पाचशे वर्षांनी, ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. आपण सह्याद्रीच्या आश्रयानं वसलेल्या विज्जडविड गावचे, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापन केला. तेराव्या शतकाच्या आरंभीचा तिथला शिलालेख प्रसिद्ध आहे. लेख संस्कृतात आहे. पण मठाला बाजारातल्या मालावर काय आणि किती द्यायचं, हा शेवटचा व्यवहाराचा भाग मराठीत आहे. पैशाची गोष्ट आली की माणूस आपल्या भाषेत बोलतो, ते असं.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात न कळलेल्या संख्यांना रंगांची नावं आहेत : कालक, नीलक, पीतक, लोहितक. पहिलीला मात्र ‘यावत्-तावत्’ म्हणायचं, म्हणजे जेवढं असेल तेवढं. न कळलेल्या गोष्टीला याहून नम्र नाव कुणी दिलं असेल असं मला वाटत नाही. याच ग्रंथात एक घोड्यांचं उदाहरण आहे. एकापाशी ३०० रुपये आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्यापाशी तसेच १० घोडे आहेत, पण डोक्यावर १०० रुपयांचं ऋण आहे. दोघांची मालमत्ता सारखी, तर घोड्याची किंमत काय? उत्तर १००. पहिल्याचे होतात ९००, आणि दुसऱ्याचे हजारातून शंभर वजा जाऊन ९००.

भास्कराचार्यांनी ‘सारखी’ म्हटलंय. आपण तिथे ‘जास्त’ ठेवून पाहू. घोड्याची किंमत काय असेल तर कर्जदार माणूस अधिक श्रीमंत ठरेल? १०क्ष उणे १०० हे ३०० अधिक ६क्ष यापेक्षा मोठं हवं. दोन्हीकडून ६क्ष काढा, दोन्हीकडे १०० मिळवा. ४क्ष हा ४०० पेक्षा मोठा, म्हणजे क्ष हा १०० पेक्षा मोठा. घोडा ११० ला गेला तर पहिल्याकडे ९६० आणि ऋणकोकडे १०००. घोडा ९० ला आला तर पहिल्याकडे ८४० आणि ऋणकोकडे ८००. बाजार चढला की कर्जदार तरतो, बाजार पडला की बुडतो. ‘बरोबर’चं उत्तर हा नुसता एक बिंदू होता. तो खरं तर दोन नशिबांमधला बांध होता, हे ‘पेक्षा’ लावल्यावर दिसतं.

आणि तो चिन्ह फिरण्याचा नियम? त्याचं उत्तरही ऋण या शब्दातच आहे. ज्याच्याकडे पाच रुपये आहेत तो तीन रुपयेवाल्यापेक्षा बरा. पण ज्याला पाच रुपये देणं आहे तो तीन रुपये देणं असलेल्यापेक्षा बरा नव्हे. त्याची स्थिती वाईट आहे. पाच हे तीनपेक्षा मोठं, पण उणे पाच हे उणे तीनपेक्षा लहान. धनाचं ऋण केलं की मोठा लहान होतो आणि लहान मोठा. म्हणून चिन्हाचं तोंड फिरतं. हे समजायला फळा लागत नाही, वाण्याकडची उधारीची वही पुरते.

भास्कराचार्यांचं आणखी एक उदाहरण इथे सांगायला हवं. माकडांच्या कळपाचा पाचवा हिस्सा घ्या, त्यातून तीन वजा करा, उरेल त्याचा वर्ग करा. तितकी माकडं गुहेत शिरली आणि एक फांदीवर बसलेलं दिसलं. कळप केवढा? गणितानं दोन उत्तरं येतात, ५० आणि ५. पाच घेतलं तर पाचवा हिस्सा एक, आणि त्यातून तीन वजा केले की उणे दोन. भास्कराचार्य सांगतात, हे उत्तर घेऊ नये; लोकांना ऋण वस्तू पटत नाही. म्हणजे समीकरण सुटल्यावरही एक अट शिल्लक राहते : पाचवा हिस्सा तीनपेक्षा कमी नको, कळप पंधरापेक्षा लहान नको. ‘बरोबर’च्या पाठीशी ‘पेक्षा’ उभा असतो तो असा. समीकरण उत्तरं देतं, आणि त्यातलं जगात चालणारं कोणतं, हे असमानता ठरवते.

हे ज्ञान एकाच भाषेत कोंडून राहिलं नाही. नवव्या शतकाच्या सुरुवातीला बगदादमध्ये, खलिफा मामूनच्या काळात, अल-ख्वारिझ्मीनं ‘अल-जब्र वल-मुकाबला’ हा ग्रंथ लिहिला. जब्र म्हणजे मोडलेलं जोडणं, हाड बसवणं. जुन्या स्पॅनिशमध्ये हाडवैद्याला म्हणूनच ‘अल्जेब्रिस्ता’ म्हणत. मुकाबला म्हणजे समोरासमोर उभं करणं, आणि हा शब्द तर आपण मराठीत रोज वापरतो. त्या ग्रंथाचा मोठा भाग मृत्युपत्रं आणि वारसांच्या हिश्श्यांचा आहे. इस्लामी कायद्यानुसार माणूस गेल्यावर आधी त्याचं कर्ज फेडायचं. उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग, वारसांची संमती नसेल तर, मृत्युपत्रानं बाहेर देता येत नाही. म्हणजे पुन्हा ‘इतक्यापेक्षा जास्त नको’. दामदुपटीत ऋणकोला वाचवणारी रेघ होती, इथे पोरक्या झालेल्या वारसांना वाचवणारी आहे.

आणि या दोन परंपरांची गाठ पडली ती शहाजहानच्या दरबारात, त्यातला एक धागा आपल्या मराठवाड्यापर्यंत येतो. फैजीनं ‘लीलावती’ १५८७ मध्ये फारसीत आणली होती. भास्कराचार्यांचं ‘बीजगणित’ फारसीत आणलं अताउल्लाह रशीदी यानं, १६३४-३५ च्या सुमारास, आणि ते शहाजहानला अर्पण केलं. हा अताउल्लाह ताजमहालाशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बीबी का मकबऱ्याच्या दरवाजावर वास्तुकार म्हणून त्याचंच नाव कोरलेलं आहे, आणि सोबत हंसपत राय या अभियंत्याचं. मकबऱ्यासमोर उभं राहून फोटो काढणाऱ्या किती जणांना माहीत असेल, की ही इमारत आखणाऱ्या हातांनी आधी आपल्या सह्याद्रीकडच्या पंडिताचं बीजगणित अनुवादलं होतं? १८१३ मध्ये एडवर्ड स्ट्रेची या कंपनीच्या अधिकाऱ्यानं ‘बीजगणित’ इंग्रजीत नेलं तेही फारसीवरून. थेट संस्कृतावरून कोलब्रुकचा अनुवाद आला तो १८१७ मध्ये.

या येण्याजाण्याची खूण आपल्या मराठीत अजून आहे. समीकरण, धन, ऋण हे शब्द संस्कृतातून आले. हिशेब, रक्कम, जमा, वजा, बाकी, कर्ज हे अरबीतून. ‘कमी’ फारसी आहे आणि ‘जास्त’चं मूळ अरबीत आहे. मराठी माणूस कमी-जास्त म्हणतो तेव्हा त्याच्या जिभेवर बगदाद आणि पाटणं एकदमच असतात, त्याला पत्ता नसला तरी.

युरोपात ‘बरोबर’चं चिन्ह, त्या दोन समांतर रेघा, रॉबर्ट रेकॉर्डनं १५५७ मध्ये छापल्या. ‘पेक्षा लहान’ आणि ‘पेक्षा मोठं’ ही टोकदार चिन्हं छापून आली १६३१ मध्ये, थॉमस हॅरियटच्या ग्रंथात; हॅरियट वारल्याला तेव्हा दहा वर्षं झाली होती. आणि ‘पेक्षा लहान किंवा बरोबर’ असं रेघेसकटचं चिन्ह फ्रेंच गणितज्ञ पिएर बूगेर यानं १७३४ मध्ये वापरलं. म्हणजे ‘बरोबर’ला चिन्ह मिळाल्यावर ‘पेक्षा’ला ते मिळायला ७४ वर्षं लागली, आणि दामदुपटीला लागतं ते ‘पेक्षा जास्त नको’चं चिन्ह मिळायला पावणेदोनशे वर्षं.

ऋण संख्येशी युरोपचं भांडण तर त्यानंतरही चालू राहिलं. ऑगस्टस डी मॉर्गन हा मोठा इंग्रज तर्कशास्त्रज्ञ. जन्म आपल्याकडे मदुराईला, १८०६ चा. १८३१ च्या पुस्तकात त्यानं एक उदाहरण दिलं. बाप ५६ वर्षांचा, मुलगा २९ चा. किती वर्षांनी बाप मुलाच्या दुप्पट वयाचा होईल? उत्तर येतं उणे दोन. डी मॉर्गननं याला विसंगत ठरवलं. म्हणाला, प्रश्नच बदलून मांडायला हवा. आपण म्हणू, उणे दोन म्हणजे दोन वर्षांपूर्वी : तेव्हा बाप ५४ चा आणि मुलगा २७ चा होता. तेव्हा आजचं एखादं मूल वजाच्या चिन्हापाशी अडखळलं, तर त्याला ‘कच्चा’ म्हणण्याआधी जरा थांबावं. जिथे ते अडखळतं, तिथेच जगातले शहाणे लोक शेकडो वर्षं अडखळले आहेत.

इथवर कमी-जास्तीचं गणित पोथ्यांत आणि ग्रंथांत होतं. आता ते माणसांच्या जिवावर कसं आलं ते पाहू. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांना पैसा नको होता, त्यांना कागद हवे होते. कर्जरोखे आणि वह्या त्यांनी बाहेर काढून जाळल्या. लोण नगर जिल्ह्यात पसरलं. माणसांना इजा फारशी झाली नाही. राग कागदावर होता. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव नंतर कोसळले होते, शेतसारा वाढला होता. कारणं अनेक होती. पण त्यातलं एक निव्वळ गणिताचं होतं.

दामदुपटीचा नियम असताना कर्ज इतकं वाढलं कसं? १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जवसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत घातली. हेतू बहुधा चांगला होता. परिणाम असा झाला, की मुदत संपायच्या आत सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला, आणि नव्या रोख्यात थकलेलं व्याज मुद्दलात मिळवू लागला. शेतकऱ्याला अक्षरओळख नाही. तो खाली निशाणी करी, नांगराची.

आता आपलंच उदाहरण पुढे चालवा. १०० रुपये, दरमहा शेकडा २. तीन वर्षांत व्याज ७२. ते शंभरापेक्षा कमीच आहे. नियम मोडलेला नाही. नवा रोखा १७२ चा. पुढच्या तीन वर्षांचं व्याज सुमारे १२४. तेही १७२ पेक्षा कमी, नियम शाबूत. रोखा २९६ चा. आणखी तीन वर्षांनी ५०९. प्रत्येक रोख्यात असमानता तंतोतंत पाळली गेली, आणि नऊ वर्षांत शंभराचे पाचशे झाले. दामदुपटीनं जिथे दोनशेवर थांबायचं, तिथे पाचपट. कुणी चिन्ह खोडलं नाही, आकडा खोटा लिहिला नाही. फक्त ‘मुद्दल’ या शब्दाचा अर्थ दर तीन वर्षांनी बदलला. लगाम तसाच होता, घोडा बदलला होता.

दंग्यांनंतर सरकारनं आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. त्यातली महत्त्वाची गोष्ट ही, की न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जायची मुभा मिळाली. समोरच्या कागदावर काय लिहिलंय तेवढं न पाहता मूळ व्यवहार कधीचा, हातात खरोखर किती पडले, मुद्दल किती आणि व्याज किती, हे वेगवेगळं काढायचं. गणिताच्या भाषेत सांगायचं तर क्ष म्हणजे नेमकं काय, हे आधी ठरवायचं. आणखी एक गोष्ट. दामदुपट हा हिंदू कायद्याचा नियम मानला गेल्यामुळे मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांत तो मूळ ऋणको हिंदू असेल तरच लागू होई. मुसलमान ऋणकोला त्याचा आधार नव्हता. १८७९ चा कायदा मात्र शेतकऱ्यासाठी होता, त्याच्या धर्मासाठी नव्हता. पुढे १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यानं ‘मुद्दलापेक्षा जास्त व्याजाचा हुकूमनामा नको’ हे तत्त्व सर्वांनाच लागू केलं. त्या कायद्याची जागा २०१४ मध्ये महाराष्ट्राच्या नव्या कायद्यानं घेतली.

कायदा झाला तरी हिशेब कळला पाहिजे. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची यादी आहे. वाचन, मोडी आणि बाळबोध लेखन, आणि त्यांच्या जोडीला हिशेब. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या माणसानं हिशेब मागावा, यात नवल नाही. रोखा मोडीत असे. मोडी वाचता येणं आणि व्याज काढता येणं, या दोन गोष्टी ज्याला येत त्याची नांगराची निशाणी सहज मिळत नसे.

ही गोष्ट देशावरची झाली. आमच्या पालघरकडची याहून कठीण आहे. तलासरी, डहाणू, उंबरगाव या पट्ट्यात वारली माणूस लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घेई आणि फेडीपोटी त्याच्याकडे राबे. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. पुष्कळांची हयात त्यात गेली. हा हिशेब मांडून पाहू. आकडे माझे, समजुतीसाठी घेतलेले. मुद्दल २००, महिन्याचं व्याज ४, आणि मजुरीतून महिन्याला ३ वळते होतात. चक्रवाढ नाही असं धरू. क्ष महिन्यांनी देणं राहील २०० अधिक ४क्ष उणे ३क्ष, म्हणजे २०० अधिक क्ष. सुटका कधी? हे देणं शून्यापेक्षा जास्त उरणार नाही तेव्हा. म्हणजे क्ष हा उणे २०० पेक्षा जास्त नको. उत्तर येतं, पण ते मागे जातं : सुटकेचा दिवस दोनशे महिन्यांपूर्वीचा, म्हणजे कर्ज घेण्याच्याही आधीचा. पुढे कितीही वर्षं राबलं तरी तो दिवस यायचा नाही. भास्कराचार्य म्हणाले होते, लोकांना ऋण पटत नाही. इथे लोक त्या ऋण उत्तरात राहत होते.

आता वळते होणारे ३ ऐवजी ५ करा. देणं झालं २०० उणे क्ष. ते शून्यापेक्षा जास्त नको, म्हणजे उणे क्ष हा उणे २०० पेक्षा जास्त नको. दोन्हीकडचं ऋण काढलं की चिन्हाचं तोंड फिरतं : क्ष हा २०० पेक्षा कमी नको. दोनशे महिने, फार आहेत, पण ते पुढे आहेत. दोन रुपयांच्या फरकानं चिन्ह फिरलं आणि दार उघडलं. १९४५ मध्ये किसान सभेच्या लाल झेंड्याखाली, शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या साथीनं, वारली उठले ते वेठ आणि लग्नगडी बंद करा, मजुरी वाढवा असं म्हणत. मजुरी व्याजापेक्षा मोठी हवी, हे त्यांनी अनुभवानं सोडवलं होतं. वेठबिगारी मोडणारा देशव्यापी कायदा त्यानंतर ३१ वर्षांनी, १९७६ मध्ये आला.

एक अट असली तर बोटांवर सुटते. शेकडो अटी एकदम आल्या तर? माल किती, गाड्या किती, माणसं किती, आणि प्रत्येकाची ‘इतक्यापेक्षा जास्त नको’. विसाव्या शतकात यातून गणिताची मोठी शाखा उभी राहिली. रशियात कांतोरोविचनं १९३९ मध्ये, अमेरिकेत डान्झिगनं १९४७ मध्ये वाट दाखवली. आणि १९८४ मध्ये अशा असमानतांचं जंजाळ झपाट्यानं सोडवायची नवी रीत शोधून जगाचं लक्ष वेधलं ते नरेंद्र करमरकर यांनी. ग्वाल्हेरच्या मराठी घरात जन्मलेले, १९७८ मध्ये आमच्या खाडीपलीकडच्या पवईच्या आयआयटीतून पदवी घेतलेले. जुनी रीत अटींच्या कडेकडेनं, कोपऱ्या-कोपऱ्यानं चालत उत्तर शोधायची. करमरकरांची रीत मुलुखाच्या आतून जाते. विमानं कशी फिरवायची, फोनचं जाळं कसं विणायचं, अशा प्रश्नांना हे गणित लागतं. पण त्याची अक्षरं तीच आहेत, जी दामदुपटीची होती.

आज सावकाराची पेढी मोबाइलमध्ये आली आहे. क्रेडिट कार्डाच्या बिलावर ‘किमान भरणा’ म्हणून एक आकडा असतो. तो भरत राहिलं की आपण देणं फेडतोय असं वाटतं. तो आकडा व्याजापेक्षा किती मोठा आहे, हे पाहायचं असतं. फरक अगदी थोडा असेल तर देणं वर्षानुवर्षं संपत नाही. दर महिन्याला शिल्लक व्याज मुद्दलात मिसळत असेल, तर सुप्याच्या रोख्यासारखं मागे जाऊन विचारायचं असतं : मूळचं मुद्दल कुठलं? हा प्रश्न ज्याला पडतो, त्याला बीजगणित आलं असं मी समजतो.

समाजातल्या कमी-जास्तीला आपण विषमता म्हणतो आणि वहीतल्या कमी-जास्तीला असमानता. वहीतली सोडवून समाजातली मिटत नाही, हे मलाही कळतं. पण जी नीट मांडताही येत नाही, ती कुणी मिटवायची? म्हणून शिक्षकांना एवढीच विनंती. चिन्हाचं तोंड फिरतं हे सांगताना मगरीच्या जबड्याची गोष्ट जरूर सांगा, मुलांना ती आवडते. तिच्या जोडीला दोन ऋणकोंचीही सांगा : एकाला तीन देणं आहे, दुसऱ्याला पाच, आणि रात्री झोप कुणाला लागते ते विचारा. उत्तर द्यायला एकाही मुलाला वेळ लागणार नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)